वेढणी आणि चंदेरी कागद

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी गुहागरच्या समुद्रात आमच्या घरचा गणपती पोहोचवला. रिवाजाप्रमाणे रिकाम्या पाटावर ओंजळभर वाळू घरी न्यायची असते. मावशी वाकली, ओली वाळू पाटावर घातली, आणि घरी येऊन हात धुताना तिच्या लक्षात आलं की बोटातली वेढणी नाही. पाटावरची वाळू परातीत ओतून दोनदा चाळली. वेढणी तिच्यात नव्हती. म्हणजे ती पुळणीवरच राहिली होती, लाटा येऊन परततात त्या ओल्या पट्ट्यात.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाची भरती जशी वर चढते तशी तिची ओहोटीही लांबवर जाते, आणि आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला ती सकाळी सहाच्या सुमारास पुरी होते. आदल्या दिवशी कुठल्या सुरूच्या झाडासमोर उभे होतो ते सगळ्यांना आठवत होतं. पुण्याहून आलेल्या भाच्याकडे मेटल डिटेक्टर होता. त्याने यंत्र सुरू केलं आणि कचऱ्यामागे वेळ जाऊ नये म्हणून दोन गोष्टी बंद केल्या: लोखंडाचा आवाज आणि चंदेरी कागदाचा आवाज. यंत्र शांत झालं. दीड तास आम्ही त्या पट्ट्यात फिरलो. पाच रुपयांची दोन पिवळी नाणी मिळाली. वेढणी मिळाली नाही.

ती का मिळाली नाही, हे कळायला हे यंत्र ऐकतं कसं ते समजून घ्यावं लागतं. हातात डिटेक्टर घेणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो की कचरा कोणता आणि कामाची वस्तू कोणती. गुहागरसारख्या ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर यंत्राइतकंच वाळू, मीठ, जांभा आणि आपली नाणी यांच्यात दडलेलं आहे.

यंत्र काय ऐकतं

डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलत वाहते, त्यामुळे वाळूत बदलतं चुंबकीय क्षेत्र शिरतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात. हे भोवरे स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र उलट पाठवतात, आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. पाठवलेली लहर आणि परत आलेली लहर यांत किती अंतर पडलं, ते मोजून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं आणि कानात आवाज देतं.

चांगल्या वाहक, जाड धातूत भोवरे जोरकस फिरतात आणि सावकाश विरतात. त्याचा आकडा वर जातो, आवाज उंच येतो. पातळ किंवा कमी वाहक वस्तूत भोवरे लगेच विरतात. तिचा आकडा खाली राहतो. लोखंड चुंबकालाच धरून ठेवतं, म्हणून त्याची लहर वेगळ्या बाजूने परतते आणि यंत्र ते खालच्या घरात, घोगऱ्या आवाजात टाकतं.

तांब्याची वाहकता 100 धरली तर चांदी 105 च्या आसपास, शुद्ध सोनं 70 च्या आसपास, ॲल्युमिनियम 60 च्या थोडं वर आणि शिसं जेमतेम 8 वर येतं. पण यंत्र धातूचं नाव वाचत नाही. वाहकता, जाडी, आकार आणि ठेवण यांचा मिळून एकच आकडा त्याच्यापर्यंत पोहोचतो. जाड ॲल्युमिनियमचा तुकडा चांदीच्या रुपयासारखा बोलू शकतो आणि सोन्याची नाजूक मोरणी कागदाच्या कपट्यासारखी. किंमत या हिशेबात कुठेच नाही. ती माणसाने मागाहून लावायची असते.

या यंत्राचा पहिला गाजलेला पराभवही चुकीच्या धातूमुळेच झाला. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं नवं उपकरण घेऊन आले. आवाज आला, पण तो सगळीकडून आला, कारण खालच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांचा अंदाज उजव्या बाजूचा होता, म्हणून शोधही तिथेच झाला. 19 सप्टेंबरला गारफिल्ड वारले आणि शवचिकित्सेत गोळी डाव्या बाजूला निघाली. भोवतालचा धातू कोणता, आणि आपण शोधतो आहोत ती जागा बरोबर आहे का, हे दोन्ही प्रश्न आजही तितकेच महत्त्वाचे आहेत.

लोखंड, बिल्ला आणि रुपया

खिळा ओळखण्याची एक साधी रीत आहे. सिग्नल आला की चकती एका दिशेने फिरवा, मग नव्वद अंशात वळून आडवी फिरवा. नाणं किंवा अंगठी दोन्ही बाजूंनी सारखंच, गोल आणि भरीव बोलते. खिळा एका बाजूने गोड आवाज देतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो. मोठा डबा असेल तर चकती गुडघ्यापर्यंत उचलली तरी आवाज सुटत नाही. नाण्याचा आवाज वीतभर उचलताच मरतो.

सोड्याच्या बाटलीचा पत्र्याचा बिल्ला मात्र अनुभवी कानालाही चकवतो. तो लोखंडाचाच, पण चपटा आणि गोल, म्हणून त्यात भोवरे मोकळे फिरतात आणि आकडा वर उडी मारतो. त्याची खूण अशी की आकडा स्थिर राहत नाही. चकती थोडी बाजूला नेली, की आवाजाची कड खरखरते.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. परदेशी माहितीपुस्तकांत नाणं म्हटलं की वरचा आकडा, असं लिहिलेलं असतं. घरातला लोहचुंबक घ्या आणि पाकिटातली नाणी त्याला लावून बघा. एक रुपया चिकटेल. दोन रुपयांचं अलीकडचं नाणंही चिकटेल. 1992 पासून रुपयाचं नाणं चुंबकाला धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं होऊ लागलं आणि पुढे दोन रुपयांचंही झालं. त्यामुळे ही नाणी लोखंडाच्या घरात बोलतात किंवा बिल्ल्यासारख्या उड्या मारतात. पाच रुपयांचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं आहे. ते चुंबकाला चिकटत नाही आणि यंत्रावर स्पष्ट वाजतं. पहिल्या सकाळी आम्हाला तेवढीच दोन मिळाली, याचं कारण हेच. रुपये तिथे असतीलही, पण आम्ही त्यांचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

जुन्या नाण्यांची गोष्ट वेगळी. 1940 च्या आधीचा राणीछाप किंवा राजाछाप रुपया 11.66 ग्रॅमचा आणि जवळजवळ 92 टक्के चांदीचा. तो वरच्या टोकाला, घंटेसारखा वाजतो. तांब्याची शिवराईही वरच बोलते. 1964 पासून आलेले ॲल्युमिनियमचे पैसे हलके असले तरी लोखंडापासून स्पष्ट वेगळे कळतात, फक्त खाऱ्या हवेत त्यांची कड खाल्ली गेली की आकडा घसरतो.

लोखंड म्हणजे कचरा, ही समजूतही जागेप्रमाणे बदलावी लागते. गुहागरपासून जवळच वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड आहे. तुळाजी आंग्र्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात तो सिद्दीकडून घेतला. खाडीपलीकडे दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळातलं हे नामांकित बंदर पोर्तुगीजांनी डिसेंबर 1508 मध्ये जाळलं. अशा किनाऱ्याचा इतिहास मुख्यतः लोखंडात आहे: तोफगोळे, नांगर, गलबतांचे खिळे. लोखंड बंद केलेलं यंत्र यातला एकही धागा ऐकणार नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या 1876 सालच्या रणभूमीवर 1983 मध्ये वणवा लागून गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी तिथे डिटेक्टर फिरवले. हाती आली ती काडतुसांची रिकामी टरफलं आणि गोळ्या. प्रत्येक तुकडा कुठे पडला ते नकाशावर मांडल्यावर कोणती बंदूक कुठून कुठे सरकली ते उलगडलं. भंगारवाल्याच्या लेखी त्या टरफलांची किंमत काहीच नव्हती.

मधलं घर

आता मावशीच्या वेढणीकडे. वेढणी म्हणजे सोन्याच्या तारेचे वेढे घालून केलेली अंगठी. साध्या अखंड अंगठीत भोवरा पूर्ण वर्तुळात फिरू शकतो, म्हणून ती स्वतःच्या वजनाच्या मानाने चांगली वाजते. वेढणीची टोकं मोकळी असतात. विजेला पूर्ण फेरा मिळत नाही, तारेच्या जाडीतच काय ते फिरावं लागतं. शिवाय दागिन्याचं सोनं 22 कॅरटचं असतं. तांबं-चांदीची थोडी भेसळही सोन्याची वाहकता बरीच खाली आणते. हे सगळं जमेला धरलं की वेढणीचा आकडा जिथे उतरतो, तिथेच चॉकलेटच्या, गोळ्यांच्या पाकिटाच्या, सिगारेटच्या चंदेरी कागदाचा आकडा असतो.

सोनसाखळीची अवस्था याहून अवघड. दहा ग्रॅमची साखळी असली तरी तिच्या कड्या एकमेकींना सैल टेकलेल्या असतात. वीज एका कडीतून दुसरीत नीट जात नाही. यंत्राला दहा ग्रॅमची साखळी दिसत नाही, डझनावारी चिमुकल्या कड्या दिसतात आणि त्यातली प्रत्येक कपट्याएवढी. मंगळसूत्र शोधताना पुष्कळदा साखळीआधी वाट्या वाजतात, कारण पत्र्याची अखंड वाटी भोवऱ्याला जागा देते.

त्याच मधल्या घरात ॲल्युमिनियमच्या डब्याची ओढून काढायची चावी येते. मासेमारीचं शिसंही तिथेच आसपास बोलतं. रापणीच्या आणि पागाच्या जाळ्यांच्या खालच्या कडेला शिशाचे तुकडे बांधलेले असतात आणि ते वर्षानुवर्षं वाळूत गळत राहतात. म्हणजे अंगठी, चावी, शिसं आणि कागद हे चौघे शेजारी. या घराला कुलूप लावलं की कचरा जातो, आणि त्याच्याबरोबर सोनंही जातं. पहिल्या सकाळी आमचं नेमकं हेच झालं.

समुद्राचं मीठ त्यात भर घालतं. खारं पाणी वीज वाहून नेतं. ओली वाळू म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सगळीकडे पसरलेला एक मोठा, पातळ चंदेरी कागद. एकाच वारंवारतेवर चालणारं यंत्र ओल्या पट्ट्यात सतत कुजबुजतं. ती कुजबुज बंद करायला गेलं की नाजूक सोनंही बंद होतं. अनेक वारंवारता एकदम वापरणारी यंत्रं मिठाचा हिशेब वजा करू शकतात. थांबून थांबून जोरकस स्पंद सोडणारी यंत्रं मिठातून आणि काळ्या वाळूतून खोलवर ऐकतात, पण लोखंड कोणतं आणि सोनं कोणतं हे भरवशाने सांगत नाहीत. त्यांच्यासोबत आवाज येईल ते सगळं उकरायची तयारी ठेवावी लागते.

जांभा आणि काळी वाळू

पुळणीवरून वर वाडीत, माड-पोफळीत आणि जांभ्याच्या गडग्यांजवळ गेलं की यंत्राचा स्वभाव पुन्हा बदलतो. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या गंजाचा आहे. त्यातले काही लोहकण चुंबकाला प्रतिसाद देतात, त्यामुळे मातीच बोलू लागते. त्यावर उपाय म्हणजे यंत्राला त्या जमिनीची सवय करून देणं. धातू नसलेल्या जागी चकती जमिनीजवळ खालीवर करत जमिनीचा आवाज शून्यावर आणायचा. जांभ्यावर बसवलेली ही जुळणी पुळणीवर चालत नाही, तिथे पुन्हा नव्याने करावी लागते. जांभ्याचा एखादा खडा तरीही फसवतो. तो एका जागी नेमका आवाज देत नाही, पसरट आणि अस्पष्ट बोलतो, आणि चकती थोडी उचलली की विरून जातो.

पुळणीवर लाटांनी आखलेल्या काळ्या रेघा दिसतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं जड खनिज आहे. लाट परतताना हलकी पांढरी वाळू ओढून नेते आणि जड काळे कण मागे राहतात. यंत्राला ही रेघ त्रासाची असली तरी शोधणाऱ्याला ती वाट दाखवते.

जड ते जडाजवळ

सोनारांच्या पेढीतली धूळ आणि दुकानापुढच्या गटारातला गाळ विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे लोक महाराष्ट्रात पूर्वापार आहेत. त्यांना झारेकरी म्हणतात, काही भागांत धुळधोये. त्यांच्याजवळ यंत्र नव्हतं. एक परात, पाणी आणि मनगटाची फिरकी एवढ्यावर ते काम करत. हलकं वाहून जातं आणि जड तळाशी राहतं, हे त्यांचं सगळं शास्त्र.

समुद्र हेच काम रोज दोनदा करतो. वाळूचा कण पाण्याच्या सुमारे अडीच-पावणेतीन पट जड असतो, ॲल्युमिनियम जवळजवळ तेवढंच. म्हणून चंदेरी कागद आणि चाव्या वाळूबरोबर हिंडत राहतात आणि बहुतेक भरतीच्या वरच्या कोरड्या भागात जमतात. शिसं पाण्याच्या अकरा पट जड आणि 22 कॅरटचं सोनं सतरा-अठरा पट. ही दोन्ही सैल ओल्या वाळूतून खाली खाली जातात आणि शंख-खड्यांच्या घट्ट थरावर थांबतात. पावसाळ्याच्या लाटा वरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात समुद्र ती परत आणून घालतो. त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी हा थर वर्षातला सर्वांत उघडा असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी पाऊण तास उशिरा होती. भाच्याने सगळे आवाज उघडले. यंत्र किलबिलाट करू लागलं. या वेळी आम्ही आकड्याकडे कमी आणि जागेकडे जास्त पाहिलं. कोरड्या भागातले सिग्नल सोडले आणि ओल्या पट्ट्यात काळी रेघ जिथे जाड होती तिथे, सुरूच्या खुणेच्या दोन्ही अंगांना, दोरी धरून सरळ ओळीत गेलो. एकही आवाज सोडला नाही. बिल्ले निघाले, रुपये निघाले, गंजके गळ निघाले. मग एका हाताच्या अंतरात शिशाचे तीन तुकडे लागोपाठ मिळाले. भाचा म्हणाला, "मामा, इथे जड माल बसलाय." पुढचा आवाज अगदी बारीक होता. आकडा कागदाचाच, पण दोन्ही बाजूंनी तोच आणि स्थिर. वीतभर खाली, शंखांच्या चुऱ्यात, वेढणी होती.

यंत्राने शेवटपर्यंत ते सोनं आहे असं सांगितलं नव्हतं. ते शेजारच्या शिशाने सांगितलं.

जे सापडलं ते कोणाचं

वेढणी मावशीची होती, तिची मालकी सोपी होती. सगळं इतकं सोपं नसतं. हरवलेला दागिना सापडला तरी तो सापडणाऱ्याचा होत नाही. मालक माहीत नसेल तर पोलीस ठाण्यात द्यावा. जमिनीत पुरलेल्या धनासाठी 1878 सालचा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही मिळालं तर काय मिळालं, कुठे आणि केव्हा, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बेवारस ठरलेल्या धनात सापडणाऱ्यालाही वाटा असतो, त्यामुळे प्रामाणिकपणे कळवण्यात नुकसान नाही. संरक्षित किल्ले आणि पुरातत्त्वीय जागांवर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हाच आहे.

यामागे ज्ञानाचंही कारण आहे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव धातुशिल्पं मिळाली. वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय कलेतला हा अमोल ठेवा आहे. पण ती शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरातून निघालेली नसल्याने त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही. वस्तू उचलता येते, तिच्याभोवतीची माती तिला काय सांगत होती ते परत बसवता येत नाही. म्हणून जुनं काही दिसलं तर हात थांबवावा, खूण करावी आणि कळवावं.

गुहागरच्या पुळणीवर आणखी एक धन वाळूत असतं. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात इथे येऊन भरतीरेषेच्या वर, हात-दीड हात खोल अंडी घालतात. इथूनच फेब्रुवारी 2023 मध्ये बागेश्री आणि गुहा या दोन मादी कासवांना उपग्रह टॅग लावून सोडलं होतं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत कोरड्या वाळूत खणूच नये, आणि एरवीही कासवमित्रांना विचारून पुढे जावं. घेतलेला प्रत्येक खड्डा बुजवावा, नाहीतर रात्री पाण्याकडे निघालेलं पिल्लू त्यात अडकतं.

त्या सकाळी परतताना आमच्या बादलीत वेढणीखेरीज बरंच काही होतं. शिशाचे तुकडे रापणीवाल्यांना दिले. त्यांनी ते हातावर तोलून पाहिले आणि जाळ्याच्या पेटीत टाकले. रुपये देवळाच्या पेटीत गेले. बिल्ले, गळ, पत्रे आणि मूठभर चंदेरी कागद कचऱ्याच्या डब्यात. तो कागद टाकताना भाचा जरा थांबला. दोन दिवस त्याच कागदाचा आणि वेढणीचा आवाज आम्हाला वेगळा करता आला नव्हता. पुळणीवरून उचललेला प्रत्येक कपटा म्हणजे यंत्राला चकवणारा एक आवाज कमी. उद्या दुसऱ्या कुणाची मावशी तिथे वाकली आणि तिच्या बोटातून काही निसटलं, तर ते शोधणाऱ्याला तेवढी शांत वाळू मिळेल.